सूर्यबिंबाचे छायाचित्र आणि यंत्राच्या कसोट्या



अंजनगाव सुर्जीच्या परिसराला सूर्यप्रकाशाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. येथील पानमळे आणि पानपिंपरीचे वाफे हे या भागाचे जुने वैभव. पानपिंपरीच्या वेलाला वऱ्हाडचे कडक ऊन सोसत नाही आणि दाट सावलीतही ती नीट फळत नाही. यास्तव शेतकरी सावलीची झाडे लावतो, त्यांच्या फांद्या वेळोवेळी छाटतो आणि वेलाला हवे तेवढेच ऊन खाली उतरू देतो. हे करताना तो आधी वेलाची गरज पाहतो. झाड कोणते, किती अंतरावर आणि छाटणी केव्हा, हे सारे त्या गरजेवरून ठरते.

अंतराळात पाठवायच्या दुर्बिणीची आखणीही याच क्रमाने होते. सूर्याविषयी कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे प्रथम ठरते. त्या उत्तरासाठी काय दिसले पाहिजे, किती बारीक दिसले पाहिजे आणि किती वेळाने पुन्हा दिसले पाहिजे, हे त्यातून निघते. त्यानंतरच आरसा, गाळण्या आणि छायाचित्र टिपणारा शोधक यांची मापे लिहिली जातात. या मापांना यंत्राच्या कार्यक्षमतेच्या कसोट्या म्हणतात. महाराष्ट्रात या कार्याचे एक उत्तम उदाहरण घडले आहे. पुण्याच्या आंतर-विश्वविद्यालय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राने, म्हणजेच आयुकाने, इस्रो व देशातील इतर संस्थांच्या सहकार्याने ‘सोलर अल्ट्राव्हायोलेट इमेजिंग टेलिस्कोप’ ही दुर्बीण तयार केली. तिचे संक्षिप्त नाव ‘सूट’. डॉ. दुर्गेश त्रिपाठी आणि डॉ. ए. एन. रामप्रकाश हे या उपकरणाचे प्रमुख शास्त्रज्ञ. ‘आदित्य-एल १’ यानावरील सात उपकरणांपैकी ‘सूट’ हे एक असून ते यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले.

कवडशातील सूर्य

टिनाच्या छपराला बारीक भोक असले की खाली उजेडाचा गोल ठिपका पडतो. त्याला आपण कवडसा म्हणतो. हा ठिपका भोकाच्या आकाराचा नसतो. ती सूर्यबिंबाची प्रतिमा असते. सूर्याचा व्यास आणि पृथ्वीपासूनचे त्याचे अंतर यांचे प्रमाण सुमारे १ : १०७ आहे. म्हणून भोकापासून किरणाच्या दिशेने साडेतीन मीटरवर कागद आडवा धरला, तर त्यावरील सूर्य सुमारे ३३ मिलिमीटर रुंदीचा येतो. ‘सूट’ दुर्बिणीचे नाभीय अंतरही सुमारे साडेतीन मीटरच आहे. त्यामुळे तिच्या शोधकावर पडणारे सूर्यबिंब जवळजवळ तेवढ्याच रुंदीचे असते.

मग दुर्बीण कशाला हवी? फरक बारकाव्याचा आहे. भोक पाच मिलिमीटरचे असेल तर कवडशात बिंबाच्या सहाव्या हिश्शाहून लहान असे काहीच वेगळे दिसत नाही. पंचांगातील परिभाषेत सांगायचे, तर एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. सूर्यबिंबाची रुंदी सुमारे ३२ कला, म्हणजे सुमारे १,९२० विकला आहे. कवडशाचा बारकावा पाच कलांचा, तर ‘सूट’चा केवळ १.४ विकलांचा आहे. हा आकडा कोठून आला, हेच या व्याख्यानाचे मुख्य सूत्र होय.

अंतराळातूनच का?

महाराष्ट्रातील सूर्यनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. तिचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. १९१२ साली ही वेधशाळा बंद झाली आणि तेथील उपकरणे कोडाईकनालला गेली. कोडाईकनालच्या वेधशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून कॅल्शियमच्या विशिष्ट रंगरेषेत सूर्याची छायाचित्रे घेतली गेली. शंभराहून अधिक वर्षांचा हा संग्रह जगातील अभ्यासक वापरतात.

परंतु जमिनीवरून सूर्याचा सर्व प्रकाश दिसत नाही. ३०० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण वातावरणातील ओझोन व ऑक्सिजन शोषून घेतात. त्यामुळेच भूतलावरील जीवन सुरक्षित आहे. मात्र ज्यांना त्या किरणांचा अभ्यास करायचा, त्यांना वातावरणाच्या वर जाणे भाग आहे. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह पृथ्वीच्या छायेत शिरला की सूर्य दिसेनासा होतो. म्हणून ‘आदित्य’साठी एल १ बिंदूची निवड झाली. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. सूर्याचे अंतर १५ कोटी किलोमीटर असल्याने हा एकूण वाटेचा केवळ शंभरावा भाग. तरीही चंद्राच्या अंतराच्या सुमारे चौपट. ६ जानेवारी २०२४ रोजी यान या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. तेथून सूर्य अखंड दिसतो. पण तेथे दुरुस्तीसाठी कोणी जाऊ शकत नाही. कसोट्या लिहिताना हे भान सतत ठेवावे लागते.

प्रश्नांतून निघालेल्या गाळण्या

‘सूट’समोर तीन मोठे प्रश्न होते. पहिला प्रश्न उष्णतेचा. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग, म्हणजे दीप्तिगोल, सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. त्याच्या वर वर्णगोल आणि त्याहून वर किरीट. उगमापासून दूर जाताना उष्णता कमी व्हावी. प्रत्यक्षात किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्याही वर जाते. ही ऊर्जा वर कशी पोचते? दुसरा प्रश्न सौरज्वालांचा. काही मिनिटांत भडकणाऱ्या या स्फोटांचा आरंभ कोठे व कसा होतो? तिसरा प्रश्न पृथ्वीच्या वातावरणाशी निगडित आहे. सूर्याच्या अतिनील प्रकाशात किती चढउतार होतात आणि ते सूर्यबिंबाच्या कोणत्या भागामुळे होतात?

या प्रश्नांवरूनच २०० ते ४०० नॅनोमीटर हा पट्टा आणि त्यातील ११ गाळण्या ठरल्या. वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश सूर्याच्या वेगवेगळ्या उंचीवरून येतो. म्हणून थरामागून थर पाहण्यासाठी आठ अरुंद गाळण्या निवडल्या गेल्या. त्यांपैकी दोन मॅग्नेशियमच्या २७९.६ व २८०.३ नॅनोमीटर या रेषांसाठी आणि एक कॅल्शियमच्या ३९६.८५ नॅनोमीटर रेषेसाठी आहे. या तिन्ही रेषा वर्णगोलाची माहिती देतात. कॅल्शियमची गाळणी तर केवळ ०.१ नॅनोमीटर रुंदीची आहे. ती याहून रुंद ठेवली, तर खालच्या दीप्तिगोलाचा प्रखर प्रकाश मिसळेल आणि वर्णगोल त्यात हरवून जाईल.

उरलेल्या तीन गाळण्या रुंद आहेत. त्यांच्या मर्यादा सूर्यावरून ठरलेल्या नाहीत, पृथ्वीवरून ठरलेल्या आहेत. २४२ नॅनोमीटरपेक्षा आखूड किरण ऑक्सिजनचे रेणू फोडतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. २४२ ते ३०० नॅनोमीटरचा प्रकाश ओझोन जोमाने शोषतो, तर ३२० ते ३६० नॅनोमीटरच्या पट्ट्यात त्याचे शोषण क्षीण होत जाते. वातावरणाच्या रसायनात या तीन पट्ट्यांचे कार्य भिन्न असल्याने गाळण्याही तीन झाल्या. प्रश्न लेखी व नेमका असला की यंत्राचा भाग कसा आपोआप ठरतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

दीड विकलेचा हिशेब

आता बारकाव्याकडे वळू. पृथ्वीजवळून पाहताना सूर्यावरील एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. सौरज्वालेचे तेजस्वी गाभे, सौरडागांची कडा आणि चुंबकीय क्षेत्राचे जाळे ओळखण्यासाठी हजार किलोमीटरच्या आसपासचे तपशील वेगळे दिसणे आवश्यक असते. महाराष्ट्राची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे या मापाची कल्पना येईल. हजार किलोमीटर म्हणजे सुमारे १.४ विकला.

एखादा तपशील वेगळा ओळखायचा, तर तो शोधकाच्या निदान दोन चौकटींवर पसरला पाहिजे. म्हणून एक चौकट, म्हणजे एक पिक्सेल, ०.७ विकलेचा ठरला. शोधकाचा पिक्सेल १२ मायक्रॉन रुंदीचा आहे. १२ मायक्रॉनमध्ये ०.७ विकला बसवायची, तर नाभीय अंतर साडेतीन मीटर हवे. कवडशाच्या प्रयोगात आलेला आकडा तो हाच.

दुर्बिणीचे तोंड केवढे असावे? प्रकाश लहरींचा असल्याने लहान तोंडाची दुर्बीण बिंदूचाही ठिपका करते. तोंड १४० मिलिमीटरचे असले, तर ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे ०.७ विकला येते, म्हणजे नेमकी एका पिक्सेलएवढी. तोंड याहून लहान असते, तर बारकावा हरवला असता. बरेच मोठे असते, तर यानाचे वजन वाढले असते आणि मिळालेला जादा बारकावा शोधकाला टिपताच आला नसता.

शोधकात एका बाजूस ४,०९६ असे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाख पिक्सेल आहेत. ०.७ विकलेच्या हिशेबाने त्यात सुमारे ४८ कलांचे आकाश मावते. सूर्य ३२ कलांचा. अर्थात पूर्ण बिंब बसून कडेच्या ज्वालांसाठीही जागा उरते. या पट्ट्यात काम करणाऱ्या आधीच्या काही उपकरणांनी, उदाहरणार्थ अमेरिकेच्या २०१३ च्या ‘आयरिस’ यानाने, सूर्याचा लहान भाग अतिशय बारकाईने पाहिला. संपूर्ण बिंब या पट्ट्यात एकाच वेळी पाहण्याची उणीव होती. ती भरून काढणे हा ‘सूट’चा हेतू होता.

प्रकाश फार, तरीही अपुरा

सूर्याकडे पाहणाऱ्या यंत्राला प्रकाशाची चणचण कसली, असे वाटेल. १४० मिलिमीटरच्या तोंडावर सुमारे २१ वॅट ऊर्जा पडते. ती तशीच आत गेली, तर आरसे तापून त्यांचा आकार बिघडेल. म्हणून तोंडाशीच उष्णतारोधक गाळणी बसविली आहे. ती कामाच्या अतिनील प्रकाशाचाही अर्ध्या टक्क्याहून कमी हिस्सा आत सोडते. त्यात सूर्याच्या एकूण ऊर्जेचा जेमतेम एक टक्का भाग ३०० नॅनोमीटरच्या खाली असतो, आणि २०० नॅनोमीटरपाशी सूर्याचा प्रकाश ४०० नॅनोमीटरच्या तुलनेत शंभरपटींहून अधिक मंद असतो. मंद रंग पाहताना गाळणीतून दृश्य प्रकाशाची यत्किंचित गळती झाली, तरी छायाचित्र भलत्याच रंगाचे होईल. यास्तव प्रत्येक गाळणीने काय आत सोडावे, याबरोबरच काय अडवावे आणि किती, हीदेखील स्वतंत्र कसोटी ठरते.

प्रकाशकणांच्या मोजणीचा नियम शिक्षकांना वर्गात सांगता येईल. १०० कण मोजले तर त्यात १० ची अनिश्चितता असते, म्हणजे दहा टक्के. १०,००० मोजले तर १०० ची, म्हणजे एक टक्का. मोजमाप एक टक्क्यापर्यंत अचूक हवे असेल, तर प्रत्येक पिक्सेलमध्ये निदान दहा हजार कण जमले पाहिजेत. त्यासाठी झडप किती वेळ उघडी ठेवायची, हे यावरून निघते. परंतु तेवढ्या वेळात यान डळमळता कामा नये. ०.७ विकला म्हणजे तीन किलोमीटरवरून दिसणारी एका सेंटिमीटरची रुंदी. छायाचित्र घेत असताना दुर्बिणीचा रोख याच्या लहानशा अंशापेक्षा अधिक हलला, तर सारा बारकावा पुसला जाईल.

वेळेची मर्यादा सूर्यही घालतो. त्याचा विषुववृत्ताजवळील पृष्ठभाग सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने फिरतो. पाच मिनिटांत तो एका पिक्सेलहून थोडा अधिक सरकतो. सौरज्वाला तर काही सेकंदांत रूप पालटते. दुसऱ्या बाजूस, एका छायाचित्राची कच्ची माहिती सुमारे ३.३ कोटी बाइट आणि ११ गाळण्यांची मिळून सुमारे ३७ कोटी बाइट होते. १५ लाख किलोमीटरवरून ही माहिती अखंड पाठविणे शक्य नाही. म्हणून पूर्ण बिंब ठरावीक अंतराने आणि ज्वालेच्या वेळी केवळ तो लहान भाग वेगाने टिपण्याची योजना झाली. यानावरील क्ष-किरण उपकरणे ज्वालेचा इशारा देतात आणि ‘सूट’ आपला रोख त्या भागावर ठेवते.

चुकांचे अंदाजपत्रक

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना अंदाजपत्रक परिचित आहे. एकूण रक्कम ठरलेली असते आणि ती लेखाशीर्षांत वाटावी लागते. यंत्राच्या आखणीतही असेच अंदाजपत्रक असते. मात्र ते चुकांचे असते. १.४ विकलांची मर्यादा ठरली, की आरशाच्या घासकामाला किती, जुळणीला किती, तापमानातील फरकाला किती आणि यानाच्या कंपनाला किती, अशी वाटणी होते. परस्परांशी संबंध नसलेल्या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. तीन आणि चार अशा दोन चुकांची एकत्रित चूक सात होत नाही, पाच होते. कारण त्यांच्या वर्गांची बेरीज होते. पायथागोरसचा सिद्धांत येथे कामी येतो. यामुळे एक गोष्ट उघड होते. आठच्या चुकीजवळ एकची चूक आणखी कमी करण्यात पैसा घालणे निरर्थक होय. मोठ्या चुकीवर लक्ष दिले पाहिजे.

वाटून दिलेली प्रत्येक मर्यादा तपासता आली पाहिजे. ‘उत्तम दर्जाचा आरसा’ असे लिहिल्याने काही साधत नाही. किती नॅनोमीटरपर्यंत गुळगुळीत आणि ते कोणत्या चाचणीने पाहायचे, हे लिहावे लागते. तपासणीची साधनेही बिनचूक हवीत. १९९० साली अंतराळात गेलेल्या हबल दुर्बिणीचा मोठा आरसा चुकीच्या आकारात घासला गेला होता, कारण तो तपासणाऱ्या उपकरणाचीच जुळणी चुकली होती. हबल पृथ्वीजवळ असल्याने डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तेथे जाऊन उपाय केला. एल १ बिंदूवर अशी सोय नाही. अतिनील दुर्बिणीला तर डिंकातून किंवा वेष्टणातून निघणाऱ्या वाफेचा पातळ थरही घातक असतो. तो आरशावर बसून अतिनील प्रकाश गिळून टाकतो. म्हणून कोणते साहित्य वापरायचे आणि जुळणीची खोली किती स्वच्छ ठेवायची, हेही त्याच मूळ प्रश्नांतून ठरते.

फलश्रुती

६ डिसेंबर २०२३ रोजी ‘सूट’ने सूर्याची पहिली वैज्ञानिक छायाचित्रे घेतली. २०० ते ४०० नॅनोमीटर पट्ट्यातील संपूर्ण सूर्यबिंबाची ११ गाळण्यांतील ही चित्रे इस्रोने प्रसिद्ध केली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक्स ६.३ वर्गाची प्रबळ सौरज्वाला उसळली. ती ‘सूट’ने टिपली आणि ज्वालेच्या आरंभीच्या तेजस्वी गाभ्याचे निरीक्षण हाती आले.

या अभ्यासाचा सामान्य जीवनाशी संबंध नाही, असे मानणे चुकीचे ठरेल. मार्च १९८९ मध्ये सूर्यावरून आलेल्या वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली आणि साठ लाख लोक अंधारात राहिले. मे २०२४ मधील चुंबकीय वादळ गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र वादळांपैकी होते. त्या वेळी लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडा प्रकाश दिसला. पावसाचा अंदाज, दूरध्वनी, मार्गदर्शक उपग्रह आणि वीजजाळे यांवर वऱ्हाडातील शेतकरीही आज अवलंबून आहे. सूर्याच्या लहरीची पूर्वसूचना मिळणे हे त्याच्याही हिताचे आहे.

या कार्यातून शासकीय व पंचायत कार्यकर्त्यांनी घ्यावा असा एक धडा आहे. जल जीवन अभियानात दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे मान धरण्यात आले. दोन हजार वस्तीच्या गावाला त्यानुसार दररोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागेल. टाकीची क्षमता, नळाचा व्यास, पंपाची शक्ती आणि तो चालवायचे तास हे सारे या एका आकड्यातून निघावे. शेजारच्या गावाची टाकी मोठी म्हणून आपली त्याहून मोठी, अशा रीतीने योजना आखली गेली, तर खर्च वाढतो आणि शेवटच्या घरी पाणी पोचेलच, याची शाश्वती राहत नाही. योजनेच्या कागदावरील प्रत्येक मापासमोर ‘हे कोणत्या गरजेसाठी?’ आणि ‘हे कसे तपासणार?’ असे दोन रकाने ठेवले, तर अनेक चुका कागदावरच उघड होतील.

शिक्षकांसाठी कवडशाचा प्रयोग सर्वांत सोपा आहे. सूर्याकडे थेट पाहण्याची विद्यार्थ्यांना सक्त मनाई करावी, वर्गातील अंधाऱ्या कोपऱ्यात कागद धरावा, भोकापासूनचे अंतर व बिंबाची रुंदी फूटपट्टीने मोजून घ्यावी. त्यानंतर एकच प्रश्न फळ्यावर लिहावा : या कागदावर सौरडाग दिसावा असे वाटत असेल, तर कोणते माप किती बदलावे लागेल? त्याचे उत्तर शोधताना मुलांच्या वहीत जो हिशेब तयार होईल, तो पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशेबाचाच पहिला परिच्छेद असेल.